कण्हेरखेडचे शिंदे आणि शिवपुरीचं जंगल

उन्हाळ्याच्या सुट्टीत लातूर-नांदेडहून जंगल बघायला निघणाऱ्या कुटुंबांची वाट आता ठरून गेली आहे. बहुतेक जण ताडोबा गाठतात, काही पेंचला जातात. हौस आणि सुट्टी दोन्ही जास्त असतील तर कान्हा किंवा बांधवगड. या यादीत मध्य प्रदेशातल्या शिवपुरीचं नाव जवळजवळ कधीच नसतं, याची मला मनापासून खंत वाटते. पाहुण्याला जंगल दाखवायचं म्हणजे काय काय करावं लागतं, त्यासाठी कोणते रस्ते, कोणते पाणवठे, कोणत्या इमारती उभ्या कराव्या लागतात आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे सगळं एकाच ठिकाणी दगडाचुन्यात बघायचं असेल तर शिवपुरीचं माधव राष्ट्रीय उद्यान बघावं. ही सारी मांडणी ज्या घराण्यानं केली ते मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचं. ग्वाल्हेरचे शिंदे.

शिवपुरी आडवाटेला नाही. नाशिक-धुळ्यावरून जाणारा आपला जुना मुंबई-आग्रा रस्ता इंदूर, गुना करत या गावावरूनच पुढं ग्वाल्हेरला जातो. तिथून ग्वाल्हेर सव्वाशे किलोमीटरच्या आत. जंगल रस्त्याला लागूनच आहे. ते दाट, ओलं, हिरवंगार जंगल नव्हे. पानगळीचं, कोरडं, खडकाळ टेकड्यांवर पसरलेलं आहे. करधई, धावडा, खैर, सालई, पळस, तेंदू. किनवट-माहूरच्या डोंगरात फिरलेल्या माणसाला यातली निम्मी झाडं ओळखीची वाटतील, फक्त आपल्याकडच्यासारखं सागाचं राज्य तिथं नाही. असं जंगल उन्हाळा लागला की पान टाकतं, एप्रिल-मेमध्ये आरपार दिसू लागतं. नाले आटतात आणि जनावर उरल्यासुरल्या पाण्याकडे ओढलं जातं. हे नीट ध्यानात ठेवायला हवं, कारण शिंद्यांनी शिवपुरीच्या जंगलात जे केलं त्यातलं बरंचसं या एका गोष्टीवर बेतलेलं होतं.

राणोजी शिंद्यांनी माळव्यात पाय रोवला, महादजींनी दिल्लीपर्यंत दबदबा बसवला आणि दौलतरावांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली लष्कर इथं आली. शिवपुरीला तेव्हा सिप्री म्हणत. इंग्रजांची छावणी तिथं होती. येवल्याच्या तात्या टोपेंना १८ एप्रिल १८५९ रोजी फाशी दिली ती याच गावात. पुढं हेच गाव ग्वाल्हेर संस्थानची उन्हाळी राजधानी झालं. जयाजीरावांनंतर १८८६ साली त्यांचे पुत्र माधवराव गादीवर आले, तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते. शिवपुरीला आजचं रूप दिलं ते या माधवरावांनी.

माधवराव खटपट्या माणूस होता. यंत्रं, रेल्वे, धरणं, शाळा, शेती अशा अनेक गोष्टींत त्यांचं लक्ष असे. ग्वाल्हेरच्या जयविलास महालातली ती चांदीची आगगाडी, जी जेवणाच्या लांब टेबलावर रुळांवरून फिरत पाहुण्यांपुढं पदार्थ नेई, तिची गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. खऱ्या आगगाडीची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. माधवरावांनी ग्वाल्हेरहून शिवपुरी, भिंड आणि श्योपूरच्या दिशांना दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी रेल्वे नेली. ग्वाल्हेर लाइट रेल्वे असं तिचं नाव. १८९९ च्या डिसेंबरात लॉर्ड कर्झनच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. लातूरकरांना अशी रेल्वे समजावून सांगायची गरज नाही. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ साली लातूरला पोचली आणि कित्येक पिढ्यांनी तिच्यातून प्रवास केला. ती गाडी प्रवासी आणि माल यांच्यासाठी होती. शिंद्यांच्या गाडीचं कामही तेच होतं, पण तिच्यातून आणखी एक वर्ग शिवपुरीकडे येऊ लागला: संस्थानचे पाहुणे.

हे पाहुणे कोण होते हे समजलं म्हणजे शिवपुरीची सारी रचना उलगडते. ग्वाल्हेर हे एकवीस तोफांच्या सलामीचं संस्थान. इंग्रजांच्या राज्यात अशा संस्थानिकाकडे सैन्य होतं, पैसा होता, पण स्वतंत्र राजकारण उरलं नव्हतं. व्हाइसरॉयची मर्जी सांभाळणं हेच मोठं राजकारण. त्यासाठी हाताशी जे उत्तमोत्तम होतं ते पाहुण्यापुढं ठेवायचं, आणि मध्य भारतातल्या संस्थानिकाकडे उत्तम असं जे होतं ते म्हणजे वाघ. व्हाइसरॉय आला की त्याला वाघ मिळालाच पाहिजे, हा अलिखित नियम होता. युरोपातले राजपुत्र, गव्हर्नर, सेनापती यांच्याही पायधुळी त्यामागोमाग शिवपुरीला लागत.

तसा वाघ देणं सोपं नव्हतं. शिकारीचा क्षण लहान, तयारी मोठी. आधी माहीतगार लोक नाल्यातल्या वाळूवर, पाणवठ्याच्या कडेला पावलांचे ठसे शोधत. वाघ कुठल्या वाटेनं येतो, कुठं बसतो, ताजा ठसा कुठला आणि शिळा कुठला हे त्यांना कळे. मग ठरल्या जागी रेडकू बांधायचं. रेडकू मारलं गेलं की वाघ पोटभर खाऊन जवळच्या झाडोऱ्यात, पाण्याच्या आसपास पडून राहणार, हे गृहीत धरायचं. तशी वर्दी मुक्कामावर जायची. पाहुण्याला मचाणावर किंवा दगडी बुरुजावर बसवायचं आणि दुसऱ्या बाजूनं हाका उठवायचा. ढोल, थाळ्या, आरोळ्या. शेकडो हाकारे अर्धवर्तुळात पुढं सरकत वाघाला बुरुजाच्या दिशेनं रेटत. वाघ बाजूनं निसटू नये म्हणून झाडांवर माणसं बसवलेली, ती नुसता खडा टाकून किंवा टाळी वाजवून त्याला परत आत वळवत. माधवरावांनी या साऱ्याचं शास्त्रच बनवलं. १९२० साली त्यांचं वाघाच्या शिकारीवरचं मार्गदर्शक पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध झालं. राज्यकर्त्यानं स्वतः लिहिलेलं असं पुस्तक म्हणजे यजमानपणाची नियमावलीच म्हणायची.

त्या हाक्यात उतरणारे लोक बहुतेक आसपासच्या गावांतले होते. शिवपुरी-श्योपूरच्या जंगलपट्ट्यात सहरिया आदिवासींची वस्ती फार जुनी. संस्थानी काळात असल्या कामांत वेठबिगार हा नेहमीचाच भाग असे. पाहुण्यांच्या छायाचित्रांत महाराज दिसतात, साहेब दिसतो, मेलेला वाघ दिसतो. वाघाच्या समोरून चालत आलेला माणूस दिसत नाही. शिवपुरीचा इतिहास सांगताना या माणसाला बाहेर ठेवलं तर तो इतिहास अर्धाच राहतो, असं मला ठामपणे वाटतं.

पाण्याचं गणित माधवरावांनी १९१८ साली सोडवलं. मनियार नदीवर बंधारे घालून दोन तलाव तयार केले गेले. एकाला आईचं नाव दिलं, सख्याराजेंच्या नावानं सख्या सागर. दुसरा माधव तलाव. कोरड्या पानगळीच्या जंगलात बारमाही पाणी आलं की काय होतं हे आजही तिथं उभं राहून बघता येतं. चितळ, सांबर, नीलगाय उन्हाळ्यात दुसरीकडे भटकत नाहीत, पाण्याच्या अवतीभवती राहतात. त्यांच्यामागं बिबळ्या, वाघ येतात. पाण्यात मगरी स्थिरावतात, हिवाळ्यात उत्तरेकडून पट्टकादंब आणि बदकांचे थवे उतरतात. म्हणजे जनावर कुठं दिसणार हे ठरवण्याची सोय माणसाच्या हाती येते. तलावाकाठच्या शिकारघरात बसून पाहुणा समोरच्या काठावर नजर ठेवू शकत होता. शेजारी बोट क्लब होता, नौकाविहार होता. बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवला तर ही आजच्या कोणत्याही अभयारण्यातली निरीक्षण मनोऱ्याची कल्पनाच आहे. सख्या सागर २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. शिकारीसाठी बांधलेल्या पाण्याला शंभर वर्षांनी पक्ष्यांमुळे हा मान मिळाला.

तलावाच्या वर, टेकडीच्या माथ्यावर, जॉर्ज कॅसल आहे. १९११ साली पंचम जॉर्ज दिल्ली दरबारासाठी भारतात आले तेव्हा त्यांच्या मुक्कामासाठी ही कोठी बांधली असं सांगतात. राजेसाहेब तिथं राहिलेच नाहीत, वाघ वाटेतच मिळाला म्हणून पुढं निघून गेले, अशी हकिकत स्थानिक गाईड आवर्जून ऐकवतात. कोठी मात्र राहिली. तिच्या गच्चीवरून खाली सख्या सागराचं पात्र आणि भोवतालच्या टेकड्या एका नजरेत येतात. माधवरावांचं इंग्लंडच्या राजघराण्याशी नातं इतकं जवळचं होतं की १९१६ साली झालेल्या मुलाचं नावच जॉर्ज जिवाजीराव ठेवलं. लॉर्ड हार्डिंजनी शिवपुरीच्या जंगलात एका दिवसात आठ वाघ मारले अशी आठवणही इथं सांगितली जाते. त्या काळी ती अभिमानाची गोष्ट होती. आज ऐकताना पोटात कालवतं.

माधवरावांच्या यजमानपणाची हौस कुठवर गेली होती हे सिंहांच्या प्रकरणावरून कळतं. आशियाई सिंह तोवर मध्य भारतातून नाहीसा झाला होता, फक्त जुनागढच्या गीरमध्ये उरला होता. गीरच्या उरलेल्या सिंहांना हात लावू नये असं लॉर्ड कर्झनचं मत पडलं आणि स्वतःही तिथं शिकार करायचं त्यांनी टाळलं. मग ग्वाल्हेरच्या जंगलात सिंह पुन्हा आणायचे असं माधवरावांनी मनावर घेतलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी आफ्रिकेतून, अ‍ॅबिसिनियाच्या वाटेनं, सिंह मागवले. काही प्रवासात मेले, सात ग्वाल्हेरला पोचले. शिवपुरी आणि श्योपूरच्या दरम्यान डोबकुंडच्या जंगलात त्यांच्यासाठी उंच दगडी भिंतींचे पिंजरे बांधले. सिंहांना नावंही ठेवली होती. त्यातला एक बांके, एक मजनू, सिंहिणींत एक रामप्यारी, एक बिजली.

पुढं जे व्हायचं तेच झालं. पिंजऱ्यात माणसाच्या हातून खायची सवय झालेल्या जनावरांना मोकळं सोडल्यावर हरिणामागं धावण्यापेक्षा गावची गुरं सोपी वाटली. मग माणसंही मारली गेली. ओरड झाल्यावर सिंह परत पकडले, काही वर्षांनी कुनोच्या जंगलात पुन्हा सोडले, पण ते टिकले नाहीत. भारतातला परक्या मोठ्या मांसाहारी प्राण्याला जंगलात वसवण्याचा हा एक फार जुना प्रयत्न. त्याची आठवण ठेवायचं कारण असं की कुनोची कहाणी तिथं थांबली नाही. गीरचे सिंह आणायचे म्हणून १९९८ ते २००३ या काळात कुनोतली २४ गावं उठवली. दीड हजारावर कुटुंबं, त्यांतली बहुतेक सहरिया. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं सिंह हलवायचा आदेश दिला, तरी सिंह आले नाहीत. १७ सप्टेंबर २०२२ रोजी त्या जागी नामिबियाहून आठ चित्ते आले. ज्या लोकांनी घरं सोडली त्यांनी ती सिंहासाठी सोडली होती.

आता थोडं दूर जाऊ. ज्या १८९९ साली ग्वाल्हेरची छोटी रेल्वे सुरू झाली, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या योसेमिटी दरीत डेव्हिड आणि जेनी करी या शिक्षक जोडप्यानं सात तंबू ठोकले. योसेमिटी १८९० पासून राष्ट्रीय उद्यान होतं, पण तिथली हॉटेलं महाग. सुट्टीत जंगल बघायची इच्छा असलेल्या मास्तर-प्राध्यापकांना ती परवडत नसत. करींनी दर ठेवला रोजचा २ डॉलर, जेवणासकट. सामान घोडागाड्यांतून मर्सेड स्टेशनहून सुमारे दीडशे किलोमीटरवरून यायचं. कामाला कॉलेजातली मुलं ठेवली. पहिल्याच हंगामात तीनशेच्या आसपास माणसं येऊन गेली. डेव्हिड करींचा आवाज खणखणीत होता, येणाऱ्याचं ते आरोळी ठोकून स्वागत करत. रात्री तीन हजार फूट उंचीच्या कड्यावरून पेटते निखारे खाली लोटून आगीचा धबधबा दाखवला जाई, आणि ती करींच्या तळाची ओळखच बनली. डेव्हिड १९१७ साली गेले. जेनीबाईंनी आणि नंतर त्यांच्या लेकीनं, मेरी ट्रेसिडरनं, हा व्याप चालवला. १९२५ साली प्रतिस्पर्धी कंपनी आणि करी कुटुंब एकत्र आले आणि दरीतली जवळजवळ सगळी पाहुण्यांची सोय त्या एका कंपनीकडे आली. तो आगीचा खेळ १९६८ मध्ये उद्यानाच्या प्रशासनानं बंद केला, कारण तो बघायला जमणाऱ्या गर्दीखाली कुरणं तुडवली जात होती आणि त्या खेळाचा निसर्गाशी काही संबंध नव्हता.

दोन्ही घराण्यांनी जंगलात पाहुण्याला आणलं. फरक पाहुण्याचा होता. शिवपुरीला निमंत्रण लागे. योसेमिटीला दोन डॉलर लागत. माझ्या मते पुढच्या साऱ्या गोष्टी या फरकातून निघाल्या. करींच्या तळावर येणारा शिक्षक परत जाऊन इतर दहा जणांना सांगे, आणि उद्यान टिकावं असं वाटणारे लोक हजारोंनी वाढत गेले. शिवपुरीचं जंगल मात्र एका घराण्याच्या मर्जीवर उभं होतं. राजाला त्यात रस होता तोवर ते राखलं गेलं. परवानगीशिवाय कुणी लाकूड तोडायचं नाही, कुणी बंदूक चालवायची नाही. आज तिथं जे झाड उभं आहे ते त्या राखणीमुळं उभं आहे, हे मान्य करायलाच हवं. पण जंगल आपलं आहे अशी भावना गावकऱ्याच्या मनात यायला वाव नव्हता. त्याच्या वाट्याला फक्त हाका आला. योसेमिटीतही तिथल्या मूळ आदिवासींना दरी सोडावीच लागली, हे विसरून चालणार नाही. त्या बाबतीत दोन्ही ठिकाणं सारखीच.

माधवराव १९२५ साली पॅरिसमध्ये वारले. शिवपुरीत सख्याराजेंच्या छत्रीसमोर त्यांची छत्री बांधली गेली. संगमरवरावर रंगीत दगडांची नक्षी, समोरासमोर आई आणि मुलगा. स्वातंत्र्यानंतर मध्य भारत राज्य झालं, जिवाजीराव त्याचे राजप्रमुख झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचनेत मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन झाला. त्याच दिवशी आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. चांदा जिल्हाही त्याच दिवशी मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. म्हणजे १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा ते मध्य प्रदेशात होतं. शिवपुरीचं शिकारीचं राखीव जंगल १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात राष्ट्रीय उद्यान झालं. पुढं त्याला माधवरावांचं नाव दिलं गेलं आणि ऐंशीच्या दशकात त्याचा विस्तार साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर नेला गेला.

उद्यान झालं, पण वाघ राहिला नाही. १९७० च्या सुमारास तिथली वाघांची वस्ती संपल्यात जमा होती. शिकारीचा भार, आसपास तुटत गेलेलं जंगल, रस्ते, गुरांची चराई, ही सगळी कारणं एकमेकांत मिसळलेली. नंतर काही वर्षं कुंपणातली वाघांची सफारी चालवून पाहिली, तीही बंद पडली. उत्तम तलाव, उत्तम रस्ते, टेकडीवर कोठी, आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो वाघच नाही. पर्यटनाच्या सोयी आधी आणि जंगलाचा विचार नंतर केला तर काय होतं, याचा इतका स्पष्ट दाखला मला दुसरा ठाऊक नाही.

१० मार्च २०२३ रोजी इथं पुन्हा वाघ सोडले गेले. त्या महिन्यात आणलेले तीन वाघ मध्य प्रदेशातल्याच इतर जंगलांमधले, म्हणजे आफ्रिकेतून सिंह आणण्यासारखा हा प्रकार नव्हता. सोडताना घराण्याचे आजचे वारस ज्योतिरादित्य शिंदे मुख्यमंत्र्यांबरोबर हजर होते. १० मार्च हा त्यांच्या वडिलांचा, दुसऱ्या माधवरावांचा जन्मदिवस. पुढच्या वर्षी बछडे दिसले. मार्च २०२५ मध्ये माधव देशातला ५८ वा व्याघ्र प्रकल्प ठरला. कुनोचं जंगल फार दूर नाही. हा सगळा पट्टा जोडलेला राहिला तर वाघाला फिरायला जागा आहे.

हे सगळं नांदेड-लातूरच्या वाचकानं का वाचावं? कारण वाघ आपल्याकडेही येऊ लागला आहे, आणि त्यानं निमंत्रणाची वाट पाहिलेली नाही. यवतमाळच्या टिपेश्वरमधून २०१९ साली रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ नांदेड-हिंगोलीच्या शेतशिवारातून वाट काढत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन पोचला. नऊ महिन्यांत त्यानं सुमारे तीन हजार किलोमीटर पायपीट केली. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरचाच एक वाघ धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात दिसला. येडशी म्हणजे बार्शी लाइटच्या जुन्या वाटेवरचं गाव, लातूरहून दीड-दोन तासांवर. लातूर जिल्ह्यात जंगल नावालाच आहे. तरीही त्याच्या उंबरठ्यापर्यंत वाघ आला.

आणि किनवट आहे. १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेला हा तालुका. आज नांदेड जिल्ह्याचं खरं जंगल इथंच. पलीकडे पैनगंगा अभयारण्य, मधून वाहणारी नदी, सहस्रकुंडचा धबधबा, गोंड, कोलाम, आंध, बंजारा अशी गावं. सहस्रकुंडला पावसाळ्यात गाड्यांची रांग लागते. लोक धबधबा बघतात, फोटो काढतात, संध्याकाळी परततात. जंगलाकडे कुणी वळत नाही. इथं पर्यटन वाढणार यात शंका नाही. ते शिवपुरीच्या वाटेनं वाढायचं की दुसऱ्या, हे आत्ता ठरतं आहे. नदीकाठी आधी मोठी हॉटेलं उभी राहिली, गावच्या पोराला तिथं फक्त गेटवर उभं राहण्याचं काम मिळालं, तर हाकाऱ्याची जागा गेटवाल्यानं घेतली एवढंच होईल. गावातल्या घरात मुक्काम, गावातला गाईड, आणि येणाऱ्या पैशातला ठरलेला वाटा ग्रामसभेला, अशी सुरुवात झाली तर राखण करणारी माणसं आपोआप मिळतील. कोलाम आणि गोंड मंडळींना या जंगलाची जी माहिती आहे ती कुठल्याही प्रशिक्षण वर्गात मिळणार नाही.

म्हणून वाचकांना सांगणं एवढंच. या हंगामात किनवटकडे जा, पण धबधब्यापाशी थांबू नका. वन विभागाकडे चौकशी करा, गावातल्याच माणसाला बरोबर घ्या आणि त्याचा मोबदला घासाघीस न करता द्या. नंतर कधी जमलं तर शिवपुरीला दोन दिवस काढा. पावसाळ्यात उद्यान बंद असतं, हिवाळ्यात पक्षी आणि एप्रिलनंतर जनावरं चांगली दिसतात. जॉर्ज कॅसलच्या गच्चीवरून तलाव बघा, माय-लेकाच्या छत्र्या बघा, आणि जमलंच तर एखाद्या सहरिया गाईडला त्याच्या आजोबांचा काळ विचारा. नांदेडहून सुटणारी सचखंड एक्स्प्रेस ग्वाल्हेरला थांबते.